अकरा वर्षांची पकड

चाळीस वर्षं मी शिंपले उघडले. एकापुढे एक मांडले तर पृथ्वीला अडीच वेढे बसतील. मुकादमाला विचाराल तर तो सांगेल, यानं त्यातले निम्मे हातानं उघडले आणि निम्मे नुसते तोंडानं. मुकादमाचं मनावर घेऊ नका. त्याला विनोद कळत नाही, आणि कळलाच तर दुसऱ्या दिवशी हसतो.

आमची शेड धक्क्याला लागून आहे. वर पत्रा, खाली कायम ओली राहणारी सिमेंटची जमीन, मधोमध लांबच्या लांब टेबल. टेबलाच्या एका अंगाला आम्ही उघडणारे. उजव्या हातात आखूड, बोथट पात्याची सुरी, डाव्या हातात जाड मोजा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आमची ही बसायची. तिचं काम ठोकायचं. म्हणजे पाटीतून दोन शिंपले उचलायचे, एकमेकांवर आपटायचे आणि ऐकायचं. जिवंत शिंपला आपली दोन झाकणं घट्ट मिटून, आत पाणी धरून बसलेला असतो, तो भरीव वाजतो. मेलेला पोकळ वाजतो. मेलेला एक जरी जिवंतांत मिसळला तरी खाणारा आठवडाभर अंथरूण धरतो. त्यामुळे उघडणारे कितीही शहाणे असोत, शेडची अब्रू ठोकणारीच्या कानावर. हिच्या हातून तेवीस वर्षांत एकही पोकळ शिंपला पुढे गेला नाही.

माझ्या थापाही ती तशाच ठोकून बघायची. समजा मी सांगत असलो, की एका नवरदेवानं ऐन बोहल्यावर चढायच्या आधी शिंपल्याचा वास घेतला, शिंपल्यानं त्याची मिशी धरली, आणि सोडायलाच तयार होईना म्हणून सगळं लग्न शिंपल्यासकट लागलं; पुढे नवरी म्हणाली, दोघांतला तो लटकणारा जास्त गंभीर दिसतोय, मी त्याच्याच गळ्यात हार घालते. एवढं झालं की टेबलाच्या त्या टोकाहून, मान वर न करता, ही म्हणायची, "पोकळ." आणि सगळी शेड हसायची. लोकांना वाटायचं मी लोकांना हसवायला थापा मारतो. लोक काय, कशालाही लोकच असतात. मी त्या एका शब्दासाठी थापा मारायचो.

आम्हाला मूलबाळ नाही. दोन खोल्या, एक खिडकी, एक न्हाणी. संध्याकाळी मी काहीतरी फेकायचं, तिनं ते ठोकायचं. संसाराला एवढं पुरतं. उगाच माणसं जास्तीचं सामान जमवत बसतात.

मग एके दिवशी तिनं माझ्याशी बोलणं सोडलं, ते अकरा वर्षं.

त्याचं झालं असं. वर्षातले ते सगळ्यात गर्दीचे दिवस होते. दोन लाँच एकदम धक्क्याला लागलेल्या, टेबलावर शिंपल्यांचा डोंगर, मुकादम इकडून तिकडे नुसता पळत होता. बाराच्या सुमाराला कचेरीतून हाक आली, हिच्या माहेराहून फोन आहे. हिचे हात कोपरापर्यंत ओले आणि अर्धी पाटी ठोकायची राहिलेली. तिनं मलाच नजरेनं खुणावलं, तुम्ही बघा. मी गेलो.

फोनवर सासूबाई होत्या. बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या. शेजारणीनं फोन लावून त्यांच्या कानाशी टेकवून दिला होता. दर दोन शब्दांनी त्या थांबत होत्या.

"जावईबापू, तुम्हीच आलात ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "शेजारीण पाणी आणायला आत गेलीय. ती म्हणतेय, लेकीला बोलवा, वेळ आलीय. नका बोलवू. ती आली की माझा हात धरून बसेल. तिनं धरलं की सुटत नाही हो, लहानपणापासून तशीच आहे. मला जाता यायचं नाही. आणि मी फार दमलेय. तिला सांगा, आई बरी आहे, काम आटपून सावकाश ये. आणि हे मी म्हटलं असं तिला कधी कळू देऊ नका, जन्मभर खात राहील. तुमच्या नावावर घाला. तुमच्या नावावर एवढं खपतं, त्यात आणखी एक."

शेवटच्या वाक्याला मला हसू आलं. त्याही हसल्या असाव्यात, खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मी शब्द दिला आणि फोन ठेवला.

टेबलापाशी येऊन हिला म्हटलं, आई बरी आहे, काम संपवून सावकाश ये म्हणाली. हिनं हातातले दोन शिंपले तसेच धरून ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. ऐकत होती. माझा आवाज तिनं शिंपल्यासारखा ठोकून पाहिला, आणि मग मान हलवून पुढची पाटी ओढली. म्हणजे तिच्या कानाला ते भरीव वाजलं. वाजणारच. शब्द तिच्या आईचेच होते.

सासूबाई तीन वाजता गेल्या. दुसरा फोन आला तेव्हा दिवेलागण होत आली होती. आम्ही दोन तासांचा रस्ता करून पोचलो, तर अंगणात शेजारीण हिच्या गळ्यात पडून म्हणाली, अगं, दुपारी बाराला कळवलं होतं ना, आशा नाही म्हणून, मग यायला इतका उशीर का? हिनं तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त पाहिलं. मी खाली बघितलं. शेजारणीनं फोन लावून दिला होता, पण नेमकी तेव्हा ती आत गेली होती. सासूबाई मला काय म्हणाल्या ते तिला ऐकू आलेलं नव्हतं. आता ते जाणणारा जगात मी एकटा.

दिवसवार झाल्यावर आम्ही परत आलो. ही शेडमध्ये गेली आणि मुकादमाला म्हणाली, मला ठोकायला बसवू नका, धुण्यावर घाला. त्यानं कारण विचारलं. म्हणाली, कान गेला. मुकादमाला वाटलं खरंच बहिरी झाली. महिनाभर तो तिच्याशी ओरडून बोलत होता.

आता, अबोला म्हणजे शांतता, असं फक्त अविवाहितांना वाटतं. आमच्या घरात अबोल्यात जेवढं बोलणं झालं तेवढं आधी कधी झालं नव्हतं. फक्त ते माझ्याशी नव्हतं. ती चुलीला सांगायची, चहा गाळलाय, कुणाला हवा असेल तर. दाराला सांगायची, बाहेर गार आहे, माणसं कानटोपी विसरतात. कपाटाला सांगायची, कुणाच्या तरी गुडघ्याचं औषध उद्या संपतंय. मीही मग टेबलाला सांगायचो की भाजी झकास झालीय. आमचं टेबल, कपाट, दार सगळी कशी अगदी संस्कारी होती. उलटून बोलायची नाहीत. तिनं माझं काही करायचं कधी सोडलं नाही. एकदा मला सणकून ताप भरला. दिवसभर ती उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. माझ्याशी चकार शब्द नाही. तापाला मात्र म्हणाली, "उतर आता. पुरे झालं." मला त्या तापाचा हेवा वाटला.

आणि मी काय केलं, अकरा वर्षं? काही नाही. चार थापा रोज घरात सोडायचो, भिंतीकडे बघून, कधी तरी तिच्या तोंडून "पोकळ" निघेल म्हणून. नाही निघाला. खरी गोष्ट सांगायची म्हटलं तर जिभेच्या टोकावर होती. पण मेलेल्या बाईला शब्द दिलेला. आणि तुझी आई मरताना तुला जवळ येऊ देत नव्हती, हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगणार? त्यापेक्षा मी खोटारडा बरा. खोटारड्याला वाईट वाटायचं ओझं नसतं, लोक म्हणतात. लोकांचं मी मघाशी सांगितलंच.

तर अशात धक्क्याच्या टोकाला, जुन्या बर्फाच्या गोदामाच्या दोन खोल्यांत, एक बाई येऊन राहिली. राहिली म्हणजे दिवसभर काम करायची. केसांत पेन्सिल खोवलेली, पायांत गमबूट, वय असेल तीस. ती शिंपल्याच्या स्नायूवर संशोधन करत होती. तिनं शेडमध्ये येऊन विचारलं, शिंपल्याला इजा न होऊ देता उघडू शकेल असं कुणी आहे का? मुकादमानं क्षणाचाही विचार न करता मला दिलं. रोज सकाळी दोन तास. शेडला तेवढीच शांतता.

आम्ही तिला स्नायूबाई म्हणायचो. तोंडावर नाही, तोंडावर मॅडम. मोठी चमत्कारिक बाई. मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, की एकदा एका शिंपल्यानं लाँचचा दोर धरला, आणि लाँच इंजिन चालू ठेवून दोन दिवस जागच्या जागी उभी होती. तिनं पेन्सिल काढली आणि विचारलं, दोर किती जाड होता? इंजिन किती ताकदीचं? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या थापेचं वजनमाप विचारलं. मी गडबडलो. मी म्हटलं, मॅडम, तो दिवस जरा ढगाळ होता.

पण तिनं जे दाखवलं ते माझ्या लाँचपेक्षा मोठं निघालं. तिनं एका तोंड उघडलेल्या शिंपल्याच्या दोन झाकणांत लाकडाची बारीक खुंटी ठेवली. शिंपल्यानं खुंटीवर तोंड आवळलं. थोडा वेळ गेल्यावर तिनं खुंटी हळूच काढून घेतली. मला वाटलं, आता हा खाटकन मिटणार. नाही मिटला. खुंटीएवढी फट ठेवून तसाच राहिला. ती म्हणाली, आता उघडून बघा. मी बोटांनी जोर लावला, मग सुरीच्या पाठीनं. जराही हलला नाही. म्हणजे हा जवळही येईना आणि लांबही जाईना. मी चाळीस वर्षं शिंपल्यांशी झुंजलो, पण हे कधी पाहिलं नव्हतं. आम्ही सुरी घालतो आणि स्नायू कापतो. विचारत नाही.

तिनं मला स्नायूचे दोन भाग दाखवले. एक जरा करडा, काचेसारखा; तो झटकन मिटवणारा. त्याला लागून दुसरा, दुधासारखा पांढरा; तो धरून ठेवणारा. त्या पांढऱ्याला तिनं आकडा लावून पाच किलोचं वजन टांगलं. खाली खाऱ्या पाण्याची बशी, बाजूला यंत्र. पहिल्या दिवशी वजन टांगलेलं. दुसऱ्या दिवशी टांगलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर तिथंच, केसभरही खाली नाही. मला त्या बोटाएवढ्या मांसाची दया यायला लागली.

मी विचारलं, "मॅडम, हा दमत नाही का?"

ती म्हणाली, "दमायला काम करावं लागतं. हा काम करत नाहीये. हा फक्त सोडत नाहीये."

मग तिनं समजावून सांगितलं. तुम्ही हातात वजन धरलं की हात क्षणाक्षणाला नवी ताकद खर्चतो, म्हणून थरथरतो, दमतो. हा एकदा धरतो आणि कडी लागावी तसा लागून जातो. त्यापुढे त्याला जवळजवळ काही लागत नाही. ना खाणं, ना हवा. तो दिवसच्या दिवस तसा राहू शकतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, केवढा जोर लावतोय.

मी घरी गेलो तेव्हा ही पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या करत होती. माझा सदरा तिनं मांडीवर घेतला, कॉलर सरळ केली, बाह्या मागं दुमडल्या, आणि माझ्या ढिगावर ठेवला. मला अकरा वर्षं वाटत होतं, एवढा राग धरायला बाईला किती कष्ट पडत असतील, आज ना उद्या दमेल. ती दमणारच नव्हती. आणि मीही कुठे दमलो होतो? सासूबाईंचा शब्द मी तितकीच वर्षं धरला होता, आणि खरं सांगतो, मला रोज पोटभर भूक लागत होती.

चौथ्या दिवशी स्नायूबाई म्हणाली, आज सोडवू. मला वाटलं वजन वाढवेल. तिनं एका बाटलीतून औषधाचे थेंब घेतले. हेच औषध आपल्या डोक्यातही असतं म्हणाली, जरासं. धरायचा हुकूम एका शिरेनं येतो. तो केव्हाच येऊन थांबलेला असतो. सोडायला वेगळा हुकूम लागतो, वेगळ्या शिरेनं. तो आला नाही तर स्नायू बापडा करणार काय? धरून बसतो. तिनं थेंब टाकले. काही क्षण काहीच झालं नाही. मग ते पाच किलोचं वजन, तीन दिवस केसभर न हललेलं, खाली येऊ लागलं. तुटून नाही, आपटून नाही. निजलेलं मूल कुणी हळूच खाली ठेवावं तसं. बशीत टेकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, औषध उडालं का डोळ्यात? मी म्हटलं, हो.

त्यानंतर ती आणखी काहीतरी सांगत होती. शिंपला उघडतो तो काही स्नायूमुळे नाही, बिजागरीपाशी रबरासारखी गादी असते, ती सगळा वेळ दोन्ही झाकणांना एकमेकांपासून लांब ढकलत असते, स्नायू सुटला की तिचंच राज्य. मी अर्धवट ऐकलं. मला घरी जायची घाई होती. अहो, चाळीस वर्षं तीच बिजागरी माझ्या अंगठ्याखाली होती. दुसऱ्या कुणाला माहीत नसतं तर ठीक, पण मला? पण माणसाला हवं ते एकदा ऐकू आलं की पुढचं ऐकायला कान कुठे रिकामा असतो!

ती आमची सुट्टीची दुपार होती. ही खिडकीपाशी बसून मोज्याला टाके घालत होती. मी समोर जाऊन बसलो. टेबलाकडे नाही, दाराकडे नाही, तिच्याकडे बघून म्हटलं, त्या दिवशी फोनवर काय झालं ते सांगतो. मी हे तिच्या भल्यासाठी केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. माझं वय सहासष्ट झालं होतं. मरायच्या आधी एकदा मला तिच्या तोंडून "अहो" ऐकायचं होतं. एवढंच.

सासूबाई जे बोलल्या ते मी बोललो. एक शब्द वाढवला नाही. हात धरून बसेल, तिनं धरलं की सुटत नाही, मला जाता यायचं नाही, मी फार दमलेय. तुमच्या नावावर घाला, तेही सांगितलं. ज्याला साध्या बाजारातून येऊन साधी मिरची आणली असं म्हणता येत नाही, त्यानं अकरा वर्षांत पहिल्यांदा एक गोष्ट जशीच्या तशी सांगितली.

तिनं सुई मोज्यात खोचून ठेवली. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पुन्हा सांगा. आईचे शब्द तेवढे."

मी पुन्हा सांगितले. ती मान किंचित कलती करून ऐकत होती, टेबलापाशी ऐकायची तशी.

"भरीव आहे," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "म्हणजे माझा कान चुकला नव्हता."

तेव्हा मला कळलं की अकरा वर्षं ती एकट्या माझ्यावर रागावलेली नव्हती. तिनं अख्खं आयुष्य ज्या कानावर काढलं तो कान नेमका आईच्या वेळी फसला, असं ती समजून होती. मला वाटलं होतं मी तिला आईच्या बोलण्यापासून वाचवतोय. मी तिचा कान काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत पाणी काढून ती म्हणाली, "अहो, पाणी गरम आहे." मी आत गेलो, नळ सोडला आणि पोरासारखा रडलो. इतका की पाणी गार झालं. शेडमध्ये ती थेट ठोकायच्या जागेवर जाऊन बसली, दोन शिंपले उचलले, आपटले, एक फेकून दिला. मुकादम बघत राहिला. दुसऱ्या दिवशी हसला.

त्यानंतर आठ दिवस आमच्या घरात जे बोलणं झालं त्याला तोड नाही. अहो जेवायला चला, अहो छत्री घ्या, अहो तुमचा मित्र भेटला होता. मी आपला हवेत. पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, औषध घेतलंत का? मी हो म्हटलं. घेतलं नव्हतं. ती बरं म्हणून आत गेली. अबोल्यात ती गोळी पाण्यासकट पुढ्यात ठेवायची आणि मी गिळेपर्यंत कपाटाशी बोलत उभी राहायची.

दुपारी ती दारात बसून आईसाठी रडायची. तिच्या लेखी आई परवाच गेली होती. रागानं अकरा वर्षं त्या रडण्याला जागाच दिली नव्हती. मी जवळ जाऊन बसायला बघितलं की डोळे पुसायची, जरा सरकायची आणि म्हणायची, "या ना, बसा." पाहुण्याला म्हणतात तसं.

सातव्या दिवशी जेवताना मी कमरेचं सोडून थाप मारली. म्हटलं, आज एक एवढा मोठा शिंपला आला होता की मुकादम आत शिरून झोपला, आणि आम्ही बाहेरून ठोकलं तर आतून म्हणाला, मी जिवंत आहे, पुढच्या पाटीला घ्या. आणि मी घास हातात धरून थांबलो.

ती म्हणाली, "असेल."

घास माझ्या हातातच राहिला. तिनं माझी चेष्टा केली नव्हती, रागही नव्हता. रस्त्यात एखादा अनोळखी म्हातारा काहीतरी सांगायला लागतो, आपण त्याचं मन मोडत नाही, तसं ती म्हणाली. मग विचारलं, आणखी वाढू का?

आठव्या दिवशी तिनं बॅग काढली. चार साड्या, टाक्यांची पेटी, चष्मा. आई गेल्यावर सासरहून परत आलेली धाकटी बहीण माहेरच्या घरी एकटी असते, तिच्याकडे जाते म्हणाली. किती दिवस, असं मी विचारलं नाही. बॅगेत हिवाळ्याची शाल होती. तिनं मला समोर बसवलं आणि माझा हात हातात घेतला. अकरा वर्षांनी. घेतला आणि लगेच परत माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"आई बोलली ते खरंच आहे माझ्याबद्दल," ती म्हणाली. "मी सोडत नाही. राग धरायचा तर तुम्ही समोर लागायचात. म्हणून राहिले. आता बघते तर धरायला काही उरलंच नाहीये. तुम्ही बरे आहात. तुमची काही चूक नव्हती."

तुमची चूक नव्हती, हे वाक्य ऐकायला मी अकरा वर्षं तडफडलो. ते मिळालं, तर असं. आणि तेव्हा मला स्नायूबाईचं पुढचं बोलणं आठवलं, ते बिजागरीचं. आम्हा दोघांना काहीतरी कधीपासून लांब ढकलत असणार. कुठल्या घरात नसतं? मी तोंडानं बडबड करायचो, ती पोकळ म्हणायची, त्यात ते दिसत नव्हतं. मग रागानं ते अकरा वर्षं आवरून धरलं. आणि मी शहाणा, औषधाचे थेंब घेऊन गेलो.

एक थाप माझ्या जिभेवर आली होती. अगदी तयार, मीठमसाला लावून. परवा डॉक्टरांकडे गेलो होतो, ते म्हणाले सहा महिने. एवढं बोललो असतो तर तिनं बॅग जागच्या जागी ठेवली असती. माझा आवाज तिनं आता ठोकूनही पाहिला नसता. आणि धरलं असतं तिनं, शेवटच्या श्वासापर्यंत, तिच्या पद्धतीनं. मी ती थाप गिळली. एवढी मोठी गोष्ट मी आयुष्यात कधी गिळली नाही, अजून घशात आहे.

बस दुपारी दोनची. मी बॅग घेऊन गेलो. तिला खिडकीची जागा मिळाली, ऊन दुसऱ्या बाजूला होतं, सगळं कसं सोयीचं झालं. बस हलली तेव्हा ती हात हलवत होती, आणि कंडक्टरनं तिकीट विचारलं म्हणून वळली.

आता दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. कधी चुकत नाही. ती खूप बोलते. धाकटीचे गुडघे, विहिरीचं पाणी, शेजारणीच्या नातवाला दात आले. माझी चौकशी करते, आवाज बसलाय का विचारते, जेवलात का विचारते. मी शेडमधल्या गोष्टी सांगतो. हल्ली खऱ्याच सांगतो, त्या लवकर संपतात. शेडमध्ये सगळे म्हणतात, बघ, बोलायला लागली ना, नशीबवान आहेस. मी म्हणतो, आहे.

बोलणं संपत आलं की ती जराशी थांबते. पलीकडे कुठेतरी भांडं वाजतं, धाकटी तिला हाक मारते. मग ती विचारते, "ठेवू का?"

विचारल्याशिवाय कधी ठेवत नाही. आणि दर रविवारी मलाच म्हणावं लागतं, ठेव.